गणित स्पर्धा भरवण्याचे शास्त्र

गणित स्पर्धेतला सर्वांत अवघड प्रश्न मुलांच्या आधी तो तयार करणाऱ्या गुरुजींना पडतो. प्रश्न सुटावा, पण लगेच सुटू नये. तो गाईडमध्ये नसावा, पण अभ्यासक्रमाबाहेरचा आहे अशी पालकांची तक्रारही येऊ नये. उत्तर एकच निघावे. चौथी अट सहसा कुठे लिहिलेली नसते : ते उत्तर खुद्द गुरुजींना यावे.

जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत परीक्षा म्हटले की आधी आठवते ती शिष्यवृत्ती. तिच्यात प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात आणि योग्य पर्यायाचा गोल रंगवायचा असतो. या परीक्षेत मुरलेले मूल प्रश्न शेवटून वाचते, म्हणजे आधी पर्याय आणि मग जमल्यास प्रश्न. अशा मुलाच्या हाती बिनपर्यायांचा प्रश्न दिला की ते कागद उलटून मागची बाजू पाहते. गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेल्या आयओक्यूएममध्ये पर्याय नसतात. उत्तर ० ते ९९ मधली एखादी पूर्ण संख्या असते, त्यामुळे अंदाजपंचे उत्तर बरोबर येण्याची शक्यता शंभरात एक. पुढच्या आरएमओ आणि आयएनएमओ या पायऱ्यांवर तर पूर्ण सिद्धता लिहून द्यावी लागते, तिथे अंदाजाला जागाच नाही. भारताचा संघ आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये १९८९ पासून उतरतो, आणि १९९६ ची स्पर्धा मुंबईतच भरली होती. शाळेतल्या स्पर्धेने एवढी उंच उडी मारण्याची गरज नाही. मुलाने कागद उलटून पाहणे थांबवले तरी पुष्कळ झाले.

प्रश्न आपल्या मातीतला असावा, असे स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येकाला वाटते. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त भुंगे, हंस, मोर आणि साप यांना कामाला लावले होते, जालन्यात ते काम मोसंबीकडे येते. समजा, प्रश्न असा काढला : ‘एका क्रेटमधल्या मोसंब्यांचे तीन-तीनचे वाटे केले तर दोन उरतात, पाच-पाचचे केले तर तीन आणि सात-सातचे केले तर पुन्हा दोन. क्रेटमध्ये मोसंबी किती?’ उत्तरसूचीत लिहिलेले असते २३. हे कोडे मुळात फार जुन्या चिनी ग्रंथातले, आणि तिथेही उत्तर २३ च आहे. पण वडिलांबरोबर मोंढ्यात गेलेला बदनापूरकडचा मुलगा १२८ लिहितो. गुरुजी लाल पेन उचलतात आणि पडताळा घेतात : १२८ ला तीनने भागले तर दोन उरतात, पाचने तीन, सातने दोन. तीन, पाच आणि सात यांचा गुणाकार १०५, तो २३ मध्ये मिळवला की १२८, आणखी मिळवला की २३३. ही रांग कुठे संपत नाही. मुलाचे म्हणणे एवढेच असते, की २३ मोसंबी कोण क्रेटमध्ये भरतो? ती पिशवीत जातात. एक मोसंबी दीडशे ग्रॅमची धरली, तर १२८ मोसंब्यांचे वजन १९ किलो २०० ग्रॅम होते, म्हणजे वीस किलोच्या क्रेटला ते बरोबर बसते. प्रश्नात ‘कमीत कमी’ हे दोन शब्द राहून गेलेले असतात. या मुलाला पूर्ण गुण द्यावेत आणि उत्तरसूची गुपचूप दुरुस्त करावी, हेच शहाणपणाचे.

म्हणून छापण्याआधी प्रश्न दुसऱ्या कुणाकडून तरी सोडवून घ्यायचा असतो. सहकारी शिक्षक मात्र कागदावर नजर टाकून ‘सोपा आहे’ म्हणतात आणि चहा मागवतात. त्यांनी प्रश्न सोडवलेला नाही, याचा याहून भक्कम पुरावा नाही.

लेखी परीक्षेपेक्षा अवघड प्रकार म्हणजे कोड्यांची शोधमोहीम, शाळांच्या भाषेत ट्रेझर हंट. एक कोडे सुटले की पुढचे कुठे आहे ते कळते, आणि असे करत शेवटच्या ठिकाणी पोचायचे. अमेरिकेत एमआयटीची अशीच एक प्रसिद्ध मोहीम १९८१ मध्ये सुरू झाली. जालना जिल्हाही त्याच वर्षी १ मे रोजी औरंगाबादपासून वेगळा झाला, तेव्हा दोघांचे वय एकच. जालना शहरात गांधी चमन, मामा चौक, मंठा चौफुली, मोती तलाव अशी ठिकाणे आयतीच मिळतात. अडचण असते ती माणसांच्या चांगुलपणाची. चौकातल्या चहावाल्याने सकाळी चिठ्ठी चिकटवताना गुरुजींना पाहिलेले असते, आणि पहिले पोर दिसताच तो हाक मारतो, “ए, ते गणिताचं ना? त्या खांबामागं बघ.” त्यामुळे नुसती जागा लपवून भागत नाही, तिथे काहीतरी मोजायला लावावे लागते. अंबडला मत्स्योदरी देवीच्या पायऱ्या मोजायला सांगितल्या, तर चार गट चार आकडे आणतात. मधला सपाट भाग पायरी धरायचा की नाही, यावर जे भांडण लागते, ते त्या दिवसातले अस्सल गणित.

गाडीच्या नंबरचे कोडेही हमखास सुचते. एमएच २१ नंतरचे चार अंक घ्या, ते उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करत राहा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येते. हा शोध देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा, १९४९ चा. मुलांनी मुख्याध्यापकांची मोटारसायकल शोधत स्टँडपर्यंत पळावे, हा बेत. पण एका हुशार मुलीच्या ध्यानात येते, की गाडी कुठलीही असो, उत्तर तेच, आणि ती जागेवरून न उठता चिठ्ठी भरून देते. अपवाद एकच : ९९९९ सारखा एकाच अंकाचा नंबर. तो पुढाऱ्यांच्या गाडीला हौसेने घेतलेला असतो, आणि त्याचे उत्तर पहिल्याच वजाबाकीत शून्य येते.

बक्षीस समारंभ लेखी परीक्षेपेक्षा लांबतो. प्रमुख पाहुणे भाषणात ‘मला शाळेत गणित कधीच जमलं नाही’ असे अभिमानाने सांगतात, पालक टाळ्या वाजवतात, आणि पहिली आलेली मुलगी ट्रॉफी मांडीवर घेऊन ते ऐकते. या वाक्यावर बंदी घालावी, निदान हार गळ्यात पडेपर्यंत.

पुढच्या वर्षीच्या प्रश्नांची सोय एमआयटीवाल्यांनी चांगली करून ठेवली आहे : यंदा जिंकलेल्या गटाने पुढची मोहीम तयार करायची. आपल्याकडे हा नियम आठवीच्या गटाला लागू पडतो, कारण दहावीची मुले पुढच्या वर्षी शाळेत नसतात. मुलांनी काढलेले प्रश्न तपासायला स्टाफरूममध्ये येतात, आणि पहिल्या तासाच्या घंटेला गुरुजीच जादा वेळ मागतात.