डोक्यावरचा दिवा आणि वाघोबाची खिंड

कपाळाला बांधायचा दिवा, म्हणजे हेडलॅम्प, विकत घ्यायला बोईसर हे फार वाईट ठिकाण आहे आणि पारखायला पालघरजवळची वाघोबा खिंड फार चांगली. दोन्हींच्या मध्ये अंतर दोन स्टेशनं आणि एका रिक्षाचं. रात्रीच्या डहाणू लोकलमधून बोईसरला उतरलेला माणूस फलाटावरच्या दिव्यांतून सुटतो तो बाजाराच्या दिव्यांत सापडतो आणि तिथून पश्चिमेला सरकला की एमआयडीसीच्या. रात्रपाळीच्या या गावाला अंधार परवडत नाही. शिवाय पलीकडे समुद्राकाठी तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून वीज तयार करायला बसलेलंच आहे. तिथल्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीची क्षमता प्रत्येकी 540 मेगावॉट. डोंगर चढायला पुरेल एवढा हेडलॅम्प साधारण एक वॉट वीज खातो. म्हणजे एकट्या एका भट्टीवर 54 कोटी हेडलॅम्प पेटतील, देशातल्या दर तीन डोक्यांमागे एकाहून थोडे जास्तच. हिशेब चोख आहे, फक्त वायर कपाळापर्यंत ओढायची राहिली आहे. अशा गावात राहून माणसाच्या डोळ्यांना उजेडाची चटक लागते. मग तो दुकानात, भर ट्यूबलाइटखाली, हेडलॅम्प भिंतीवर मारून बघतो आणि जो ट्यूबलाइटला लाजवेल तो घरी आणतो. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. हेडलॅम्प किती प्रखर होतो हे दुय्यम. तो किती मंद होऊ शकतो, आणि पहिल्याच दाबाला मंद होतो की नाही, यावर त्याची लायकी ठरवावी.

आधी खोक्यावरच्या आकड्यांची झडती घेऊ, कारण सगळी दिशाभूल तिथूनच सुरू होते, आणि तीही खोटं न बोलता. नावाजलेल्या कंपन्या एफएल-1 नावाचं अमेरिकी मानक पाळतात. ते 2009 साली आलं. त्यानुसार उजेड मोजायचा तो दिवा लावल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत, म्हणजे सेल ताजे आणि दिवा थंड असताना. तो किती तास चालतो हे मात्र मोजायचं उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंत. त्यामुळे खोक्यावरचे ल्युमेन खरे असतात, तासही खरे असतात, पण दोघांची गाठ क्वचितच पडते. प्रखर दिवा तापतो, तापला की जळू नये म्हणून त्याच्यातलं सर्किट गुपचूप उजेड उतरवतं, आणि पालघरच्या मे महिन्यात तर तो तापायला निमित्तच शोधत असतो. तिसरा आकडा मीटरचा. दिव्याचा झोत दीडशे मीटर जातो असं लिहिलेलं असलं, तर दीडशे मीटरवर काय दिसतं? मानकाच्या भाषेत तिथे पाव लक्स उजेड पडतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. कोजागरीला केळव्याच्या सुरूच्या बागेपलीकडे, वाळूवर, हा उजेड समुद्रासकट फुकट मिळतो. आणि झोत लांबवायचा म्हटलं तरी निसर्ग घासाघीस करत नाही: अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो, म्हणून झोत दुप्पट लांब न्यायला चौपट ल्युमेन लागतात. अडीचशेचा दिवा सोडून हजाराचा घेणाऱ्याने किंमत, वजन आणि उष्णता भरपूर वाढवून घेतली, नजर मात्र दुपटीनेच लांबली. रस्त्यावर मिळणाऱ्या बिननावाच्या दिव्यांना तर हेही बंधन नाही. त्यांच्या खोक्यावर कितीही शून्यं असतात आणि भिंग पुढे ओढलं की भिंतीवर आतल्या एलईडीच्या तुकड्याचा स्वच्छ, चौकोनी फोटो पडतो. वाघोबा खिंडीवरच्या काळदुर्गाचा माथा म्हणजे एक भलामोठा चौकोनी कातळ आहे. हा दिवा बहुधा खास त्याच्यासाठी बनवला असावा.

आता खिंडीत येऊ. पालघरहून मनोरकडे जाताना रस्ता डोंगरात शिरतो, वाघोबाचं देऊळ लागतं आणि तिथून काळदुर्गाची वाट वर चढते. सूर्योदय माथ्यावर गाठायचा तर निघावं लागतं अंधारात. इथे डोळ्यांचं गणित सुरू होतं. अंधारात बघणाऱ्या पेशींना पूर्ण जागं व्हायला जवळजवळ अर्धा तास लागतो आणि पुन्हा झोपायला एक लखलखीत झोत पुरतो. प्रखर दिव्याचा मालक पायाखालचे दहा मीटर दिवसासारखे उजळून घेतो आणि त्या वर्तुळाबाहेरचा सगळा डोंगर गमावतो. वाट कुठे वळते, कडा कुठे संपतो, पुढचा गट कुठे पोचला, यातलं त्याला काही दिसत नाही. उलट मंद दिवेवाल्याला पायाखालचा दगड दिसतो आणि आकाशावर उठलेली डोंगराची धारही दिसते.

पावसाळ्यात तर प्रखर दिव्याची फारच शोभा होते. ढग खिंडीत उतरले की डोळ्यांच्या चार बोटं वर लावलेला दिवा समोरचा प्रत्येक थेंब उजळतो आणि तो सगळा उजेड सरळ डोळ्यांत परत येतो. दिवा जितका जोरदार, तितकी समोरची पांढरी भिंत जाड. मोटारींचे धुक्यातले दिवे बंपरपाशी, खाली लावतात ते याचसाठी. पुन्हा पावसाळा म्हटला की किडे आले. निळसर पांढऱ्या उजेडाकडे ते पिवळसर उजेडापेक्षा जास्त झेपावतात आणि दिव्याच्या बरोबर खाली माणसाचं तोंड असतं. श्रावण पाळणाऱ्यांनी निदान ते मिटून चढावं. एक गोष्ट मात्र हेडलॅम्पच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. जमिनीवर शिकार करणाऱ्या कोळ्यांचे डोळे आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतात, म्हणून ज्याचा दिवा डोळ्यांजवळ आहे त्यालाच ते चमकताना दिसतात. गवतात पसरलेले हिरवट ठिपके हे दव नसून प्रेक्षक आहेत, हे कळल्यावर वाटेत बसण्याची हौस फिटते. बिबट्याचे डोळेही याच तत्त्वावर चमकतात. वारली आणि इतर आदिवासी समाज या पट्ट्यात वाघोबाला पुजतात ते हौसेखातर नव्हे. दोन मोठे ठिपके गुडघ्याच्या उंचीवर एकत्र हलताना दिसले तर ल्युमेनची चर्चा तिथेच थांबवावी.

यावर हुशार माणूस म्हणेल, प्रखर दिवा मंद करता येतो, मंद दिवा प्रखर करता येत नाही. मग प्रखरच का घेऊ नये? युक्तिवाद बिनतोड आहे, बटण मात्र तसं नाही. अनेक दिव्यांत पहिल्या दाबाला सर्वांत प्रखर उजेड येतो, मग मधला, मग मंद, आणि मंद ओलांडला की बंद. म्हणजे मंद उजेडापर्यंत पोचायला दर वेळी सूर्योदय पार करावा लागतो, आणि वाघोबापाशी कमावलेला अर्धा तास एका टिचकीत जातो. पुष्कळ दिव्यांचा ‘मंद’सुद्धा तंबूत पुस्तक वाचायला डोळ्यांवर येतो. पाच-दहा ल्युमेनपर्यंत उतरणारा, मागच्या वेळी जिथे बंद केला तिथूनच सुरू होणारा किंवा खालून वर चढणारा दिवा मिळाला, तर त्याची वरची मर्यादा हजार असली तरी माझी हरकत नाही. वाट चुकल्यावर समोरची सोंड न्याहाळायला मिनिटभर प्रखर झोत कामाला येतोच. तेवढ्या मिनिटासाठी सगळी रात्र वेठीला धरू नये, एवढंच.

शिवाय दिवा डोक्यावर आहे म्हणजे तो मानेच्या ताब्यात आहे, आणि माणूस ज्याच्याशी बोलतो त्याच्या तोंडाकडे बघतो. “पाणी आहे का रे?” एवढं विचारायला मागे वळलेला माणूस समोरच्याची पोलीस चौकशी केल्यासारखा उजेड त्याच्या डोळ्यांत ओततो. तो उत्तर द्यायला मान वर करतो आणि परतफेड होते. दहा जणांच्या गटात प्रत्येकाने प्रत्येकाला एकदा ‘सावकाश ये’ म्हटलं की सगळे सारखेच आंधळे होऊन जास्तच सावकाश येतात. खिंडीपलीकडे मनोरला मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो. तिथल्या ट्रकांच्या पाठीवर रात्री डिपर वापरण्याची विनंती रंगवलेली असते. हेडलॅम्पबद्दल मला माहीत असलेलं सर्वांत नेमकं लिखाण ते, आणि ते वाचायला मिळतं ट्रकच्या मागे अडकल्यावर. म्हणून दिवा खाली झुकवायची बिजागरी घट्ट हवी, टकटक करत टप्प्याटप्प्याने उतरणारी. सैल बिजागरीचा दिवा चालता चालता आपोआप नाकाकडे बघू लागतो.

सर्वांत वजनदार आक्षेप जुन्या, हातातल्या बॅटरीच्या बाजूचा आहे. ती खाली, कमरेपाशी धरलेली असते, त्यामुळे दगडांच्या सावल्या लांब पडतात आणि खड्डा खड्ड्यासारखा दिसतो. हेडलॅम्पचा उजेड नजरेच्याच रेषेत जातो, म्हणून सावल्या दगडांच्या मागे लपतात आणि सगळी वाट इस्त्री केल्यासारखी सपाट भासते. पाय मुरगळल्यावर तिचे चढउतार कळतात. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच चांगल्या हेडलॅम्पचा पट्टा असा हवा की तो क्षणात डोक्यावरून काढून हातात किंवा कमरेला घेता यावा. पण मस्तान नाक्याजवळच्या अशेरीगडावर माथ्याखालच्या कातळात दोन्ही हात गुंतले की हातातली बॅटरी दातांत धरावी लागते, आणि दातांत बॅटरी धरलेल्या माणसाला ‘दगड सुटला’ असं खालच्यांना ओरडून सांगता येत नाही. मोबाइलच्या दिव्याचा पुरस्कार करणाऱ्यांनी तो दातांत धरून बघावा. त्यातच परतीचं तिकीट आणि घरच्यांचे नंबर असतात.

सेलबद्दल थोडक्यात. साधे पेन्सिल सेल मरताना हळूहळू मंद होतात आणि निरवानिरवीला वेळ देतात; पालघर स्टेशनबाहेर नवेही मिळतात. चार्जिंगचे बहुतेक दिवे शेवटपर्यंत इमानाने उजेड देतात आणि मग एकदम उठून जातात. म्हणून त्यांच्यावर उरलेली बॅटरी दाखवणारी खूण हवीच, आणि पिशवीत आपोआप पेटू नये म्हणून बटणाला कुलूपही. पाण्यासाठी आयपीएक्स-4, म्हणजे सर्व बाजूंनी उडणारं पाणी सोसेल एवढी सोय, काळदुर्गाच्या पावसाला चालून जाते. आयपीएक्स-7 चा दिवा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. तांदूळवाडी गडावरच्या टाक्यांत वाकून बघणाऱ्यांनी तो घ्यावा.

राहिला लाल दिवा. अंधारात बघणाऱ्या पेशींना लाल रंग जवळजवळ कळत नाही, म्हणून मंद लाल उजेडात नकाशा वाचला तरी त्या शाबूत राहतात, आणि किडेही फारसे फिरकत नाहीत. नकाशावरच्या लाल रेघा मात्र त्यात दिसेनाशा होतात. तरीही चांगल्या हेडलॅम्पमध्ये लाल उजेड असावाच, आणि तो वेगळ्या बटणावर, पांढऱ्यातून न जाता लागावा. फक्त परतताना उमरोळीच्या फलाटावर लोकलची वाट बघत तो लावून बसू नये. या रुळांवरून दिल्लीच्या गाड्या न थांबता जातात, आणि रेल्वेच्या नियमांत रात्रीचा लाल दिवा म्हणजे गाडी थांबवण्याची खूण. इतकंच कशाला, कुठल्याही रंगाचा दिवा जोरजोरात हलला तरी चालकाने तो धोक्याचाच इशारा समजायचा असतो. तेव्हा कपाळाला दिवा बांधून, मान हलवत, जोरजोरात वाद घालणाऱ्या मंडळींनी फलाटावर पाय ठेवण्याआधीच तो काढून खिशात टाकावा.