पिंपासह बेलापूर

आमची गिरगावातली चाळ पाडायची ठरली तेव्हा बिल्डरनं सभेत दोन आश्वासनं दिली. एक, तीन वर्षांत नवं घर. दोन, तोवर दरमहा भाडं. पहिल्यावर कुणीच विश्वास ठेवला नाही, दुसऱ्यावर सगळ्यांनी ठेवला आणि चाळ रिकामी व्हायला लागली. त्या भाड्यात गिरगावात जी खोली मिळत होती तिच्यात आमची कॉट मावली असती, फक्त कॉटवर झोपणाऱ्यांना जिन्यात उभं राहावं लागलं असतं. कुणी डोंबिवली गाठली, कुणी विरार. आमच्या वाट्याला आलं सीबीडी बेलापूर, सेक्टर ८, आर्टिस्ट व्हिलेज.

"आर्टिस्ट?" आई म्हणाली. "मग आपल्याला कसे देतील जागा?"

साहित्य संघात दोन नाटकांचा पडदा ओढल्याचा माझा अनुभव मी घरमालकांना सांगणार होतो. त्यांनी फक्त पगाराची स्लिप मागितली.

करार अकरा महिन्यांचा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार असा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, म्हणून एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. माझा अंगठा उमटला, मालकांचा उमटला, साक्षीदार म्हणून बसलेल्या माझ्या बायकोचा काही केल्या उमटेना. "इतकी वर्षं भांडी घासली, आता ठसासुद्धा उरला नाही," असं ती यंत्राला म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती. यंत्रानं लगेच ठसा घेतला. मी मात्र त्या दिवसापासून रात्रीची भांडी घासतो. करारात हे कलम कुठेच नाही.

मग सामान काढायला घेतलं. चाळीतल्या दोन खोल्यांत काय काय मावतं हे माळा उघडल्याशिवाय कळत नाही. तांब्याचा बंब निघाला, शेवयांचा सोऱ्या निघाला, तीन पायांचा पाट निघाला (चौथ्या पायासह, पण वेगळ्या पिशवीत). गणपतीचं थर्माकोलचं मखर निघालं. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून ते वापरताही येत नव्हतं आणि टाकायला जिवावर येत होतं. बायकोनं बोहारणीला बोलावलं. तिनं दोन गाठोडी साड्या, बाबांचे कोट आणि माझी लग्नातली शेरवानी नेली आणि बदल्यात एक पातेलं दिलं. सामान कमी करायला आलेल्या बाईनं जाताना एक नग वाढवून ठेवला.

आईचा जीव मात्र एकाच वस्तूत अडकला होता, ते म्हणजे निळं पिंप. दोनशे लिटरचं, मोरीच्या दाराशी कायम भरलेलं. गिरगावातलं पाणी पहाटे येतं आणि आपण डोळे चोळेपर्यंत जातं, त्यामुळे पिंप हा आमच्या घरातला सगळ्यात मान असलेला सदस्य.

"आई, नवी मुंबईच्या पालिकेचं स्वतःचं धरण आहे. मोरबे. तिकडे पिंप लागत नाही."

"धरण त्यांचं आहे ना? पिंप आपलं आहे."

यावर उत्तर नव्हतं. पिंप यादीत गेलं.

एका पॅकर्स अँड मूव्हर्स कंपनीच्या मुलानं व्हिडिओ कॉलवर घर बघितलं. सोफा? नाही. डायनिंग टेबल? नाही. एसी? नाही. पाटा-वरवंट्याशी कॅमेरा थबकला. त्याच्या यादीत त्याला रकाना नव्हता. बराच विचार करून त्यानं 'शोपीस, जड' असं लिहिलं. वर त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून चिरंजीव म्हणाले, "बाबा, एवढ्यात नवं सामान येईल." शेवटी नाक्यावरचा टेम्पोच ठरला. कपाटं, कॉट, पिंप त्यात. स्वयंपाकघर आणि माझा भाचा एका छोट्या हत्तीत. बायको आणि चिरंजीव सीएसएमटीहून हार्बरच्या लोकलनं. देव आईच्या मांडीवर, आई केबिनमध्ये, आणि मी आई व दरवाजा यांच्यामध्ये जी फट उरते तिच्यात.

ड्रायव्हर पाटण तालुक्यातला, वडील माथाडी कामगार. त्यानं पिंपाकडे बघून एकदाच विचारलं, "आज्जी, ह्ये कशापायी?" आज्जींनी फक्त बघितलं. त्यानं पिंपाला दोन दोऱ्या जास्त मारल्या.

भायखळा, लालबाग, परळ, दादर. प्रत्येक सिग्नलला आईनं त्या परिसरात राहणाऱ्या, राहून गेलेल्या आणि जागा विकून पस्तावलेल्या नातेवाइकांची नावं सांगितली. सायन ओलांडल्यावर नातेवाईक संपले आणि ती गप्प झाली. मानखुर्दनंतर खाडी आली तसा तिनं पाण्याला नमस्कार केला. या खाडीवरचा पहिला पूल १९७३ मध्ये झाला. आई गिरगावात सून म्हणून आली ती त्याच्या आधी, त्यामुळे पूल तिच्या दृष्टीनं अजून नवाच होता आणि तो भार पेलेल का याची तिला खात्री नव्हती. विशेषतः पाटा-वरवंटा बघता.

वाशी मागे पडताना ड्रायव्हरनं डावीकडे हात केला. "तिकडं एपीएमसी. आमचे वडील मशीद बंदरला पोती उचलायचे. बाजार हिकडं आला, त्येबी आले." हे ऐकून माझा ताण जरा उतरला. आम्ही दोन खोल्या हलवत होतो, इथं मुंबईचा सगळा घाऊक बाजारच हलवला होता. १९८१ साली कांदा-बटाटा आला, मग मसाले आले, शेवटी १९९६ मध्ये भाजी आणि फळं आली. व्यापाऱ्यांनी यायला किती खळखळ केली याच्या गोष्टी जुन्या लोकांकडून ऐकाव्यात. आमच्या आईनं त्यामानानं कमीच केली.

पण सगळेच काही आले नाहीत. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी साठच्या दशकात खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली तेव्हा राज्य सरकारनं स्वतःच तिकडे मुक्काम हलवावा अशी त्यांची अपेक्षा होती. सरकारनं १९७० मध्ये सिडको काढली, इतरांना जायला सांगितलं आणि आपण नरिमन पॉइंटलाच राहिलं. बेलापूरला कोकण भवन आलं, मंत्रालय आलं नाही. मला त्यात राजकारण दिसत नाही. एवढ्या फायली खोक्यांत भरून प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहायचं म्हटल्यावर कुणाचाही धीर सुटेल.

हलण्याबद्दल तक्रार करायचा खरा हक्क मात्र इथल्या मूळच्या माणसांचा. या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उठले, १९८४ च्या जानेवारीत उरण भागात गोळीबारात पाच माणसं गेली, आणि त्यानंतर कुठे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा पदरात पडला. पुढे विमानतळासाठी तर दहा गावं मुळापासून उठवली. त्यांच्यापुढे आमचं बिऱ्हाड म्हणजे सहल. मी हे ड्रायव्हरला सांगत असतानाच मागे काहीतरी गडगडलं आणि आई ओरडली, "पिंप!" इतिहास तिथंच थांबला.

उरण फाट्याच्या अलीकडे भाच्याचा फोन आला.

"मामा, आम्ही पोचलोसुद्धा. सेक्टर आठ. पण इथं आर्टिस्ट कुणी नाही. बिल्डिंगीच आहेत सगळ्या."

"कुठला सेक्टर आठ?"

"नेरूळ."

सिडकोनं नवी मुंबई नोडांमध्ये वाटली आणि प्रत्येक नोडाला स्वतःचा सेक्टर एकपासून सुरू करून दिला. म्हणून सेक्टर आठ वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, खारघरला आहे आणि आमच्या नशिबानं बेलापुरातही आहे. गिरगावात आमच्या पत्त्यात एक देऊळ, एक गल्ली, एक बंद पडलेली पिठाची गिरणी आणि 'कुणालाही विचारा' एवढं असायचं आणि माणूस बरोबर दारात यायचा. इथं पत्त्यात नुसते आकडे, आणि विचारायला रस्त्यावर माणूस नाही. भाच्यानं म्हणे एका वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, "सेक्टर आठच आहे हा, उतरवा सामान." सामान अर्धं उतरलंही होतं.

आमचा टेम्पो पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी पोचला आणि चिंचोळ्या गल्लीच्या तोंडाशी अडला. कोरियांनी ऐंशीच्या दशकात ही वसाहत आखली ती माणसांसाठी, टेम्पोंसाठी नव्हे. सात घरं एका लहानशा अंगणाभोवती, अशी तीन अंगणं मिळून एक मोठं अंगण, आणि तसंच पुढे. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, कुणाचीच भिंत दुसऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नाही. हेतू असा की कुटुंब वाढलं तर त्यानं आपल्याच जागेत एखादी खोली चढवावी, शेजाऱ्याला विचारायची गरज नको. बिऱ्हाड उचलून दुसरीकडे न्यायची वेळच कुणावर येऊ नये असा हा बेत. मला तर वाटतं, तो आखणाऱ्यानं आयुष्यात कधीतरी गोदरेजचं कपाट जिन्यावरून उतरवलं असावं. लोकांनी बेत मनावर घेतला आणि भरपूर वाढवलं. मूळची बैठी घरं आता शोधावी लागतात, बाकीची दुमजली-तिमजली झाली. शुद्ध वास्तुकलेचे अभ्यासक यावर हळहळतात. मी हळहळू शकत नाही, कारण अशाच एका चढवलेल्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहतो.

कपाट त्या मजल्याच्या जिन्यात वळेना. सातही घरांतून माणसं अंगणात आली आणि सात मतं आली. आडवं करा, उभं करा, दार काढा, कपाटाचं नव्हे हो, घराचं. शेवटी गॅलरीतून दोर सोडून ते वर ओढलं. नेरूळची फेरी करून छोटा हत्ती आला तेव्हा दिवेलागण झाली होती आणि दूध उतू घालायला पातेलं सापडत नव्हतं. बोहारणीनं दिलेलं पातेलं तेवढं वर होतं. आईनं त्यात दूध उतू जाऊ दिलं आणि शेरवानी सत्कारणी लागली असं जाहीर केलं.

पुढच्या अडचणी फुटकळ. भिंतीला खिळा मारायचा नाही अशी मालकांची अट असल्यानं बाबांचा फोटो अजून फ्रिजवर आहे, आणि फ्रिज उघडताना प्रत्येक जण नकळत मान लववतो. विजेचं बिल आता बेस्टऐवजी महावितरणचं. आणि पहिल्याच रविवारी मालकांचा पंप जळाला. वरच्या टाकीत थेंब नाही, मालक गावाला, प्लंबर फोन उचलेना. आईनं आदल्या रात्री कुणालाही न सांगता पिंप भरून ठेवलं होतं. त्या दिवशी अंगणातल्या तीन घरांनी आमच्याकडून पाणी नेलं. पिंपाला आता पूर्वीसारखाच मान आहे.

एकच गोष्ट उरली. सगळी खोकी उघडून झाल्यावर एक खोकं आमचं नाही असं लक्षात आलं. आत पितळी अडकित्ता, संधिवाताच्या तेलाची अर्धी बाटली, कॅरमच्या सोंगट्या (राणी नाही) आणि 'कुमारी' एवढंच वाचता येणारं शाळेचं एक प्रगतिपुस्तक आहे, गणितात नापास. चाळीतल्या ज्या कुणाचं असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावं. पत्ता सेक्टर ८, सीबीडी बेलापूर. रिक्षावाल्याला आधी बेलापूर सांगा, मग सेक्टर. आणि येताना कृपा करून जुनी भांडी, पडदे किंवा देवांच्या तसबिरी भेट म्हणून आणू नका.