संकल्पराव

'यंदा काहीतरी केलं पाहिजे बुवा,' हे वाक्य तुमच्या कानावर पडलं आणि बोलणारा त्या वेळी सोफ्यावर आडवा असला, तर खुशाल समजा की संकल्पराव आलेत. कागदोपत्री नाव वेगळं असतं. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बरी, फ्लॅटचे हप्ते संपत आलेले, मुलगी बंगळुरात. थोडक्यात, माणूस सुखवस्तू. आणि 'काहीतरी' करायचं असतं ते सुखवस्तू माणसालाच. ज्याला एक तारखेला घरभाडं द्यायचं असतं त्याला काय करायचं आहे ते नेमकं ठाऊक असतं.

संकल्परावांना फिट व्हायचंय. वाचन वाढवायचंय. इंग्रजी जरा फाडफाड बोलायचंय. पेटी शिकायचीय. कोकणात चार गुंठे घेऊन निवांत राहायचंय. आणि रिटायर झाल्यावर नर्मदा परिक्रमा करायचीय, तीही परंपरेनं सांगितलेली, पायी, तीन वर्षं तीन महिने तेरा दिवसांची. सध्या कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची झाली तरी ते गाडीची किल्ली शोधतात, ही गोष्ट वेगळी.

यातली एकही इच्छा खोटी नसते. 'पेटी' म्हणताना त्यांची बोटं सोफ्याच्या हातावर खरोखर हलतात. पण इच्छा मोघम ठेवण्यात एक मोठी सोय आहे, आणि ती संकल्परावांना उपजत कळलेली असते. 'फिट व्हायचंय' या परीक्षेत कोणी नापास होत नाही. तेच 'एकतीस मार्चच्या आत पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढेन' असं बोलून बसलं, की एक एप्रिलला शेजारचे जोशी विचारणार. तेव्हा पर्वती जागच्या जागी बरी.

नेमकेपणा त्यांच्याकडे अजिबात नाही असं मात्र म्हणू नका. तो सगळा मुहूर्तात असतो. 'सोमवारपासून', 'एक तारखेपासून', 'पाडव्यापासून', 'हा पाऊस एकदा उघडू दे'. कधीपासून ते चोख, काय ते मोघम. यात त्यांचा एकट्याचा दोष नाही, घरच्या पूजेतच हे वळण लागलेलं असतं. सत्यनारायणाला बसलं की गुरुजी संकल्प सांगतात. गोदावरीच्या कुठल्या तीरावर बसलो आहोत इथपासून सुरुवात. मग शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, यजमानाचं गोत्र, नाव. इतका पक्का पत्ता कुरिअरवाल्यालासुद्धा कोणी देत नाही. आणि मागणं काय? आरोग्य, आयुष्य, ऐश्वर्य, एकूण सगळं बरं असू दे. मग तळहातावरून ताम्हनात पाणी सोडायचं. संकल्परावांच्या बहुतेक संकल्पांचं पुढे तेच होतं.

अशा माणसाला मध्यंतरी कंपनीनं दोन दिवसांच्या ट्रेनिंगला लोणावळ्याला पाठवलं. तिथून ते एक फाइल, दोन किलो चिक्की आणि 'स्मार्ट' हा मंत्र घेऊन परतले. आता ही मूळ युक्ती तशी साधी आहे. जॉर्ज डोरन नावाच्या अमेरिकन सल्लागारानं १९८१ साली व्यवस्थापनाच्या एका मासिकात छोटासा लेख लिहिला. कंपनीतले साहेब लोक 'उद्दिष्ट' म्हणून जे लिहितात ते वाचून कोणाला काही कळत नाही, तर ते कसं लिहावं यासाठी त्यानं 'स्मार्ट' शब्दाची पाच अक्षरं कामाला लावली. उद्दिष्ट नेमकं असावं, मोजता यावं, वास्तवाला धरून असावं, त्याला मुदत असावी. राहिलं मधलं 'ए'. आजकाल शिकवताना त्याचा अर्थ 'आवाक्यातलं' असा सांगतात. डोरनच्या लेखात मात्र तिथे होतं 'काम कोणावर सोपवायचं ते'.

ही गोष्ट मी संकल्परावांना सांगायला नको होती. त्यांना दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये झाला नसेल इतका आनंद झाला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फ्रिजवर तक्ता लागला. मी तो जवळ जाऊन वाचला. उद्दिष्ट : फिट होणे. मोजमाप : बऱ्यापैकी. मुदत : लवकरात लवकर. जबाबदारी : सौ.

ट्रेनिंगमधला आणखी एक किस्सा ते हल्ली लग्नाच्या पंगतीतही सांगतात. अमेरिकेत जंगलातून ओंडके वाहणारे ट्रक कायद्यानं परवानगी असलेल्या वजनाच्या साधारण साठ टक्केच भरून जायचे. 'जमेल तेवढं जास्त भरा' असं सांगून फरक पडेना. मग अभ्यासकांनी ड्रायव्हरांना नेमका आकडा दिला, चौऱ्याण्णव टक्के. तिसऱ्या महिन्यात ट्रक नव्वदीला जाऊन भिडले, आणि पुढे कित्येक महिने तिथेच राहिले. गॅरी लेथम आणि जेम्स बाल्डिस यांनी १९७५ साली हा अभ्यास छापला. बक्षीस नाही, दंड नाही, फक्त आकडा. किस्सा खरा आहे आणि चांगलाही आहे. पंगतीत आमच्या सांगलीच्या मामांनी जिलबी बाजूला सारत एवढंच विचारलं, 'त्या ड्रायव्हरांनी आमच्या उसाच्या ट्रॉल्या बघितल्या नाहीत का हो?' संकल्परावांनी विषय बदलला.

तक्त्यानंतर येते तयारी. संकल्परावांचा खरा पराक्रम तयारीत दिसतो. वाचन वाढवायचं म्हणजे आधी पुस्तकांचं कपाट, आणि कपाट म्हणजे सुतार. पेटी आली तेव्हा आठवडाभर घरात नुसता उत्सव होता. भात्याला किती घड्या, सूर कुठल्या गावचे, यावर ते इतकं छान बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, आता वाजवायचंच काय ते राहिलं. खरोखरच तेवढंच राहिलं. त्या पेटीवर आता इस्त्रीचे कपडे ठेवतात. उंची अगदी सोयीची आहे.

एकदाच, फक्त एकदाच, त्यांच्या आयुष्यात मोजता येईल असं ध्येय आलं. मुलीनं वाढदिवसाला पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. रोज दहा हजार पावलं. हा आकडा काही धन्वंतरीनं सांगितलेला नाही बरं का. १९६५ साली जपानात कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होती, तिथून तो जगभर चालत सुटला. संकल्पराव पहिला आठवडा खरंच चालले. टेकडीवर गेले, येताना ओल्या बुटांनी जिन्यावर चिखल केला, सोसायटीच्या ग्रुपवर सूर्योदयाचा फोटो टाकला. दुसऱ्या आठवड्यात त्यांना शोध लागला की घड्याळाला पाय दिसत नाहीत, त्याला हात हलल्याचं कळतं. त्यानंतर रात्री साडेदहाला टीव्हीवर मालिका चालू, संकल्पराव आरामखुर्चीत, आणि डावा हात पंख्यासारखा चालू. नऊ हजार आठशे... नऊ हजार नऊशे... दहा हजार झाल्यावर घड्याळानं मनगटावर शाबासकी दिली की ते समाधानानं झोपायला जात. हेच काम पायांनी केलं असतं तर मेहनत थोडी कमी लागली असती, असं माझं मत आहे.

आता वहिनी. फाइल, तक्ता, ट्रेनिंग यांतलं त्यांच्याकडे काही नाही. गेल्या वर्षी श्रावणात एकदा त्या म्हणाल्या, 'मला स्कूटर शिकायचीय.' एवढंच. संकल्परावांनी ताबडतोब मार्गदर्शन सुरू केलं. कुठली कंपनी घ्यावी, पेट्रोल की बॅटरी, हेल्मेट कुठलं. 'अगं, ध्येय मोठं ठेव. पुढच्या वर्षी लडाख!' वहिनींनी कुकरची शिट्टी मोजत ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन लर्निंग लायसन्स काढून आणलं.

हे लर्निंग लायसन्स म्हणजे सरकारनं नकळत केलेली फार शहाणपणाची गोष्ट आहे. ते सहा महिने चालतं. पक्क्या लायसन्सची परीक्षा पहिल्या तीस दिवसांत देता येत नाही आणि सहा महिने उलटले की पुन्हा पहिल्यापासून फॉर्म. म्हणजे अलीकडची तारीख ठरलेली, पलीकडची तारीखही ठरलेली. आणि परीक्षा काय, तर 'आठ'च्या आकड्यावरून गाडी फिरवायची, पाय टेकायचा नाही. 'बऱ्यापैकी' आठ असा प्रकार तिथे नाही.

वहिनींनी भाचीची जुनी गाडी मागून आणली. पहाटे दूधवाला येऊन गेला की त्या खाली उतरत. सुरुवातीला सोसायटीच्या पाण्याच्या टाकीभोवतीच. मग मागच्या गल्लीच्या टोकापर्यंत. वॉचमनकडून चुन्याची भुकटी घेऊन त्यांनी पार्किंगमध्ये आठ काढला होता. पावसानं पुसला की पुन्हा काढायच्या. एकदा कुंडीवर धडकल्या, कुंडी फुटली, तुळस दुसऱ्या डब्यात लावली, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. बेत काय तर दिवाळीची भाजी मंडईतून स्वतः आणायची. लक्ष्मी रस्ता त्यांनी आधीच वगळला होता. तिथे गाडी चालवता येते, लावता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. आवाक्यातलं म्हणजे काय, ते त्यांना डोरनला विचारावं लागलं नाही.

वसुबारसेच्या दिवशी वहिनी मंडईतून परतल्या. पुढे पिशवीत मेथी, कोहळा आणि लिंबं. मागे संकल्पराव, दोन्ही हातांनी सीटची कड पकडून. गाडीवरून उतरताच ते मला म्हणाले, 'काय हो, बघितलंत? फ्रिजवरच्या तक्त्याचा परिणाम!'

तुमच्या बिल्डिंगमध्येही एक संकल्पराव असणार. येत्या पाडव्याला ते तुम्हाला जिन्यात गाठतील आणि यंदा काहीतरी करणार असल्याचं सांगतील. वाद घालू नका, उपदेशही नको. 'वा वा! उद्या किती वाजता?' एवढंच विचारा. पुढचे तीन-चार महिने ते लिफ्टनं येजा करतील.