पोह्यांचा डबा आणि ए तार

मी बास गिटारची ए तार मोकळी छेडली की आमच्या स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्याचं झाकण थरथरतं. ई तारेला मांडणीवरची ताटं उत्तर देतात. डी आणि जी कुणाच्या खिजगणतीत नाहीत. आईला तारांची नावं ठाऊक नाहीत, पण "आज डबा वाजला नाही रे," अशी आतून हाक आली की मी मुकाट्यानं ए तार थोडी चढवतो. बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं.

हे वाद्य मराठी माणसानं घेऊ नये, असं त्याच्या नावातच लिहिलंय. "तुम्ही काय वाजवता?" असं कुणी विचारलं की मी म्हणतो, "बास." त्यावर समोरचा म्हणतो, "बरं बुवा, नाही विचारत."

तरी मी घेतलं. सांगलीत आमचा हौशी ऑर्केस्ट्रा आहे. गणपतीत पाच-सहा कार्यक्रम, बाकी वर्षभर पुढच्या गणपतीच्या चर्चा. कीबोर्डवाला डाव्या हातानं बास वाजवायचा आणि उजव्या हातानं मोबाइल बघायचा. "पंचमदांच्या गाण्यात टोनी वाझ यांचा बास काढला तर उरतं काय?" असं मी एकदा भावनेच्या भरात बोलून गेलो. बोललो म्हणून मलाच घ्यावा लागला.

माझं बजेट बारा हजार होतं. दुकानात त्या पैशांत तीन बास होते, लाल, काळा आणि कडेनं करपल्यासारखा. तिसऱ्याला सनबर्स्ट म्हणतात. मी करपलेला घेतला, साडेअकरा हजारांना. लिओ फेंडरनं 1951 साली प्रिसिजन बास काढला तेव्हा तारेची लांबी 34 इंच ठेवली, आणि जग अजून तेच माप धरून आहे. माझ्या हाताचं माप त्याला कुणी कळवलं नव्हतं. पहिल्या फ्रेटपर्यंत हात नेला की गर्दीच्या एसटीत पुढच्या सीटचा दांडा धरल्यासारखं वाटतं. स्वस्त बास घेतल्याची लाज मात्र मला वाटली नाही. पॉल मॅकार्टनीनं 1961 साली हॅम्बुर्गला हॉफ्नर घेतला, त्याचंही एक कारण फेंडर परवडत नव्हता हेच होतं. पुढचं त्याचं जमलं, हा तपशील वेगळा.

घरी आणल्यावर कळलं की हा बास मान टाकतो. म्हणजे खरोखरच. पट्ट्यात अडकवून हात सोडला की मुंडकं जमिनीकडे झुकतं, कारण दांडी आणि खुंट्या जड, अंग हलकं. डावा हात सूर धरणार की मान? चामड्याचा रुंद, खरखरीत पट्टा हा त्यावर उपाय. तो खांद्यावर घसरत नाही. मी कोल्हापूरला चपला करणाऱ्या एका कारागिराकडून तसा पट्टा करवून घेतला. त्यानं मायेनं केला, आणि सवयीनं करकर वाजणाराही केला. पहिल्याच कार्यक्रमात निवेदिका हळुवार आवाजात दिवंगत कलावंतांना आदरांजली वाहत होती आणि तिच्या माइकमधून माझा खांदा पायवाट तुडवत होता.

दुसरी तक्रार गुणगुणीची. मागचा पिकअप एका वेटोळ्याचा, त्यामुळे विजेची घरघर तो इमानानं पकडतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी 49 चा. म्हणजे आमच्या भिंतीतली वीज कायम जी लावून बसलेली, तोही कणभर चढा. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, तिथं हे दुखणं वेगळ्या पट्टीत असणार. थोडाफार उपाय असा की बासच्या पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावायची आणि ती अर्थिंगला जोडायची. तांब्याची पट्टी साडेतीनशे रुपये. आईकडं पोळ्या गुंडाळायचा फॉइल होता, तो फुकट. रविवारी दुपारी मी बासचं पोट उघडलं आणि आत इतका सुबक फॉइल बसवला की जेवणाचा डबा भरावासा वाटला. झाकण लावलं, अँप चालू केला. गुणगुण गेली! तार छेडली. बासही गेला. फॉइलचं एक टोक जॅकच्या पत्तीला टेकलं होतं आणि सगळा आवाज परस्पर अर्थिंगमध्ये जात होता. गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं तांब्याची पट्टी लावण्यासाठी तो शांतपणे सोलून काढला. "पराठा कुठाय?" एवढंच विचारलं.

सगळ्यात चिवट दुखणं ई तारेचं. मोकळी वाजवली की झर्रर्र. आधी वाटलं दांडी वाकली. आतल्या सळईला पान्यानं पाव फेरा दिला, एक दिवस थांबलो, पुन्हा पाव. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून मध्यावर तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट हवी, ती होती. (लग्नपत्रिका घालून बघू नये, आमच्याकडच्या जाड असतात.) तार दाबून वाजवली की झर्रर्र नाही, फक्त मोकळी सोडली की. तेव्हा उजेड पडला. वरच्या टोकाला तारा ज्यात बसतात त्या नटमधली खाच खोल गेली होती. खायचा सोडा चिमूटभर खाचेत घालून वर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाकतात, तो दगडासारखा घट्ट होतो, मग कानशीनं नवी खाच. मी हेही केलं. गोंद खाचेत कमी आणि बोटांवर जास्त गेला. एक दिवस अंगठा आणि तर्जनी कायमच्या ज्ञानमुद्रेत.

शेवटी मिरज गाठली. दहा किलोमीटरवर सतार-तंबोऱ्यांचं गाव. तिथल्या घराण्यांचे पूर्वज शस्त्रांना धार लावायचे, पुढं तारांच्या मागं लागले. ओळखीचे एक चाचा तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढत बसले होते. त्यांनी माझा बास मांडीवर घेतला आणि बोटाच्या पेरानं ठोकून पाहिला.

"ह्यात पोट न्हाई?"

"नाही चाचा, भरीव असतो. विजेवर चालतो."

"आन् लाइट गेली की?"

"गप्प बसायचं."

"हां." त्यांनी भिंतीला टेकलेल्या भोपळ्यांकडं पाहिलं, जणू पोरांच्या देखत असलं बोलू नये. "दुखतंय कुठं?"

मी ई तार छेडली. झर्रर्र. चाचांचे डोळे चमकले. त्यांनी कान जवळ नेला, पुन्हा छेडली, मान डोलावली. "ही तर आयती जवारी हाय. हे घालवायचंय?"

"हो."

ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. तार झणझणावी म्हणून घोडी केसाकेसानं घासण्यात ज्या माणसाची चाळीस वर्षं गेली, त्याच्याकडं मी झणझण काढून टाका म्हणून गेलो होतो! पण हात कारागिराचा. हाडाचा एक तुकडा घासून त्यांनी नवा नट केला, चार खाचा पाडल्या. ई तार घुमली, स्वच्छ, गोल. त्यांनी ती एकदाच ऐकली. "झालं मुकं," म्हणाले. दोनशे रुपये आणि चहा.

त्या यशानं डोकं फिरलं आणि मी साडेतीन हजारांच्या चपट्या वेटोळ्यांच्या तारा मागवल्या. मोटाउनचा जेम्स जेमरसन तसल्याच तारा वर्षानुवर्षं न बदलता वाजवायचा. तेव्हा हा खर्च नसून बचत आहे, असं मी बाबांना पटवून दिलं. बाबांनी साडेअकरा हजारांच्या बासवर आजवर झालेला खर्च वहीत मांडलेला आहे. ती वही मी वाचत नाही.

तारा चढवल्या. गुणगुण नाही, झर्रर्र नाही. रात्री नऊ वाजता ए तार मोकळी छेडली.

आतून आई म्हणाली, "डबा वाजला नाही रे."

थोडी चढवली. नाही. उतरवली. नाही. ट्यूनर हिरवा, 55 हर्ट्झ बरोब्बर, डबा ढिम्म. नव्या तारा मऊ म्हणून असेल का? का नटची खाच? मी पोट उघडलं, पट्टी तपासली, जॅक हलवला, अँपचे सगळे खटके फिरवले. अकराला बाबांनी वहीसकट डोकावून पाहिलं. साडेअकराला मी ए तार उतरवून जुनी चढवली. तरी डबा ढिम्म.

आई पाणी प्यायला उठली होती. "अरे, सांगायचं राहिलं," ती म्हणाली, "संध्याकाळी दोन किलो पोहे भरलेत त्यात."