पाणी कुठवर आलं?

(जळगाव. डिसेंबरातली संध्याकाळ. मामांनी वरच्या मजल्यावर होम थिएटर केलंय. लेकीच्या लग्नाची फिल्म बघायला आणि भरीत खायला धुळ्याचे व्याही निघालेत. मामा फोनवर, पलीकडे धुळ्यात टीव्ही-अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान चालवणारा भाचा.)

मामा : भाचेराव, आवाज येतो, चित्र येत नाही.

भाचा : मामा, मलाही तुमचा आवाजच येतोय. साधा फोन लावलाय तुम्ही.

मामा : थट्टा नको भो. पडदा निळा झालाय नुसता. व्याही पारोळ्याला पोचले.

भाचा : पडद्यावर काही लिहिलंय का?

मामा : मघाशी ‘नो सिग्नल’ लिहिलं होतं. आता तेच चिनी भाषेत आहे.

भाचा : चिनी?

मामा : सेटिंगमध्ये जे जे दिसलं ते ते दाबलं. स्टॅबिलायझरही बदलला. आता नातवाला गच्चीवर धाडलाय, डिश हलवायला.

भाचा : अहो, फिल्म पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्ह प्लेअरमध्ये. डिशचा काय संबंध?

मामा : 1987 साली रामायणाच्या वेळी जिन्यात उभा राहून ‘आलं, गेलं, आलं’ कोण ओरडत होतं? तूच ना? गच्चीवरूनच नीट झालं होतं.

भाचा : तेव्हा निदान मुंग्या दिसायच्या. मुंग्या कमी झाल्या की समजायचं, अँटेना बरोबर फिरतोय. आताचं डिजिटल. आलं तर लख्ख, नाहीतर कोरडं ठाक. काठावरचा सिग्नल असला तर फार तर ठिपके चमकतात, नाहीतर चित्र दोन सेकंद जातं नि येतं. पोराला खाली बोलवा, पडेल.

मामी : (मागून) मालेगावच्या नासिर शेखनं बैलगाडीची क्रेन करून पिक्चर काढले म्हणे. इथे पिक्चर आयता आहे, तर दिसेना!

भाचा : मामा, केळीच्या शेवटच्या ओळीत ठिबकचं पाणी आलं नाही तर काय करता?

मामा : काय करतो म्हणजे? मोटर बघतो. मग फिल्टर. मग सबमेनचा व्हॉल्व्ह. मग लॅटरलची एंड कॅप काढून पाणी कुठवर आलं ते बघतो.

भाचा : सगळ्या नळ्या एकदम उपटत नाही ना?

मामा : मले येडा समजला का?

भाचा : मग तेच करा. प्लेअर म्हणजे मोटर, अॅम्प्लिफायर म्हणजे फिल्टर, भिंतीतली वायर म्हणजे लॅटरल, छतावरचा प्रोजेक्टर म्हणजे केळीचं झाड. आवाजाला फिल्टरपर्यंतच यायचं असतं, तिथून तो स्पीकरच्या वायरीनं जातो. म्हणजे पाणी फिल्टरपर्यंत आलंय. आता एंड कॅप काढा. बेडरूममधला टीव्ही वायरीसकट वर आणा आणि अॅम्प्लिफायरच्या मागे जिथे ‘आउट’ लिहिलंय तिथे जोडा.

मामी : माझी मालिका चालू आहे त्याच्यावर.

मामा : व्याही एरंडोलला आले!

मामी : न्या बाई.

(धडपड. काहीतरी पडतं. ‘फुलदाणी होती’ असा खुलासा.)

मामा : आलं! टीव्हीवर आलं! नवरदेव घोड्यावर.

भाचा : मोटर-फिल्टर ठीक. आता प्लेअर घेऊन स्टुलावर चढा आणि टीव्हीच्या त्याच छोट्या वायरीनं थेट प्रोजेक्टरला जोडा.

मामा : चढलो. जोडलं. आलं... भाचेराव, व्याही शीर्षासन करी राह्यले.

भाचा : चित्र उलटं? तुम्ही दाबादाबीत ‘छताला टांगलेला’ बदलून ‘टेबलावरचा’ केलं असणार. ते राहू द्या. झाड जिवंत आहे. दोष भिंतीतल्या वायरीत. किती लांब आहे?

मामा : पंधरा मीटर. वायरमन म्हणाला, आतून प्रकाश जातो, लई भारी आहे.

भाचा : बरोबर बोलला. तांब्याच्या वायरीतून फोरकेचं चित्र पाचेक मीटर नीट जातं, त्यापुढे भरवसा नाही. तुमच्या लांबच लांब लॅटरलच्या टोकाला प्रेशर पडतं ना, तसं. म्हणून काचेच्या तंतूची वायर. पण तिच्या एका टोकात विजेचा प्रकाश करणारी चिप, दुसऱ्या टोकात प्रकाशाची वीज करणारी. प्लगवर काय लिहिलंय ते वाचा.

मामा : अॅम्प्लिफायरपाशी... ‘डिस्प्ले’.

भाचा : आणि छताजवळ?

मामा : ‘सोर्स’.

(शांतता.)

मामा : म्हणजे विहिरीवर एकाच दिशेनं पाणी सोडणारा एनआरव्ही उलटा बसवला?

भाचा : उलटाच. जन्मभर पाणी चढणार नाही.

मामा : मग फिरवतो ना! ओढून काढतो.

भाचा : पाइपातून? कोपऱ्यावर एल्बो आहेत, प्लग अडकेल. पायजम्याच्या नाडीला गाठ बसल्यावर काय होतं ते ठाऊक आहे ना?

मामा : तसं जमत नसेल तर अॅम्प्लिफायर छताला टांगतो अन् प्रोजेक्टर खाली...

भाचा : (बराच वेळ काही बोलत नाही.)

मामी : थांबा हो. प्रोजेक्टर छताला उलटा टांगलाय म्हणूनच चित्र उलटं ना? मग खाली काढून टीपॉयवर ठेवा, सुलटं होईल. चिनी वाचायला नको. आणि खाली आल्यावर भिंतीतली वायर कशाला लागते? नातवाच्या कॉम्प्युटरला तीन मीटरची आहे ती लावा.

भाचा : मामी, धुळ्याला दुकानात या, पार्टनर करतो.

मामी : आधी भरीत होऊ दे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 सालीच जीआय मानांकन मिळालं, यांच्या थिएटरला अजून सिग्नल मिळेना. इकडे पऱ्हाटीच्या काड्या विझत आल्या.

(दहा मिनिटं. पडद्यावर व्याही पायांवर उभे. खाली गाडीचा हॉर्न.)

मामा : आले! पण भाचेराव, ते वर बघतील. छताला लोखंडी स्टँड लोंबतोय रिकामा. कशाला लावला म्हणून विचारलं तर काय सांगू?

मामी : केळीचा घड टांगायला म्हणा. चला आता, पुऱ्या फुगल्यात.