मीडियम माणसांचं जग

माझी उंची ५ फूट १ इंच. एसटी, बँक, लग्नातला ग्रुप फोटो, सगळीकडे मी निभावून नेतो. सायकलच्या दुकानात मात्र मला माझी जागा कळते.

माझ्या मापाची सायकल तिथे सहसा नसतेच. त्याला कारण आहे. कार्बनच्या फ्रेमला प्रत्येक मापाचा वेगळा साचा लागतो, आणि साचा महाग. शिवाय कुठल्या मापाच्या किती सायकली काढायच्या, हे त्या दुकानात यायच्या कितीतरी महिने आधी ठरवावं लागतं. मागणीचा आलेख डोंगरासारखा. माथ्यावर मीडियम; एका पायथ्याशी मी, दुसऱ्या पायथ्याशी आमचे सहा फुटी साडू. दुकानदार आम्हा दोघांनाही एकाच सायकलपाशी नेतो. मला म्हणतो, "सीट खाली घेतो, साहेब." साडूंना म्हणतो, "सीट वर घेतो, साहेब."

पूर्वी एवढीही चर्चा नसे. लुधियाना-सोनीपतच्या काळ्या सायकली म्हणजे २२ इंची नाहीतर २४ इंची. एवढा खंडप्राय देश, बसवला दोन मापांत! जी बसत नव्हती ती पोरं दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायची. कारखान्याने न काढलेलं माप पोरांनी कंबर वाकडी करून काढलं होतं.

मग १९९० च्या दशकात माइक बरोज नावाच्या इंग्रज अवलियाने तैवानच्या जायंट कंपनीसाठी रेसिंग सायकलची वरची दांडी मागे उतरती केली. तोवर चांगल्या रेसिंग सायकली एकदोन सेंटिमीटरच्या फरकाने मापं बदलत निघायच्या. जायंटने स्मॉल, मीडियम, लार्जवर भागवलं. उरलेला फरक सीटखालच्या लांब नळीने आणि हँडलच्या स्टेमने भरून काढायचा. फ्रेम हलकी आणि ताठर झाली, हे खरंच. पण सगळ्यात मोकळा श्वास घेतला असेल तो गोदामवाल्याने. तरी मी बरोजसाहेबांचा ऋणी आहे. सिग्नलला अचानक पाय टेकावा लागला की उतरती दांडी कशापासून वाचवते, हे बुटक्या पुरुषालाच ठाऊक.

मला खटकतो तो पुढचा हिशेब. पुढच्या वर्षीचा अंदाज यंदाच्या विक्रीवरून बांधतात. वहीत विकलेली सायकल लिहिली जाते. माप नाही म्हणून दारातून परत फिरलेलं गिऱ्हाईक कोण लिहिणार? एक्स्ट्रा स्मॉल मागवलीच नाही, म्हणून विकली नाही. विकली नाही, म्हणून मागवायची नाही. यात बुटक्यांनी बाजू मांडायची कुठे? परत फिरलेले निदान कोऱ्या पानावर तरी आहेत. माझ्यासारखे, जे सीट पार खाली घेऊन मीडियमच घरी आणतात, ते तर उलट्या बाजूने साक्ष देऊन येतात. कंपनीच्या दप्तरी मी सध्या ५ फूट ७ इंच आहे. साडूही तेवढेच आहेत. आमच्या दोघांच्या भक्कम मागणीमुळे पुढच्या वर्षी मीडियम आणखी दोन जास्त निघतील.