घरगुती निमंत्रणपत्रिका (जंगल विभाग)

बाजारात तयार मिळणारी वस्तू जास्त पैसे घालून आणि रात्री जागून घरी करणे, याला घरगुती निमंत्रणपत्रिका म्हणतात. तिच्या अनेक जाती आहेत. सध्या सर्वांत फोफावलेली जात म्हणजे लहान मुलाच्या वाढदिवसाची, प्राण्यांच्या थीमची पत्रिका. ती मुलाने स्वतः केलेली असते, असे मानले जाते. प्रत्यक्षात चित्रे मामा काढतो, कापाकापी वडील करतात, चिकटवणे, वाळवणे, मोजणे आणि मनःस्ताप आईकडे असतो, आणि सगळे आटोपल्यावर आजी तारखेतली चूक दाखवते. मुलासाठी एकच काम राखून ठेवलेले असते: प्रत्येक पत्रिकेवर एक रेघ वाकडी काढणे. ती रेघ कोणी पुसायची नसते. पत्रिका लहान हातांनी झाल्याचा तेवढाच काय तो पुरावा असतो.

इतिहासाच्या दृष्टीने हा उलटा प्रवास आहे. लंडनच्या हेन्री कोल यांना नाताळात सगळ्यांना हाताने पत्रे लिहिणे जमेना, म्हणून १८४३ साली त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र करून घेतले आणि हजारेक शुभेच्छापत्रे छापून घेतली. म्हणजे छापील कार्ड निघाले तेच हाताचे कष्ट वाचवण्यासाठी. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे छपाई स्वस्त होत गेली, आणि ती पुरेशी स्वस्त झाल्यावर हाताने करण्याला प्रतिष्ठा आली.

या विषयाच्या अभ्यासाला मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातले, भुसावळ-खांडवा लोहमार्गावरचे चांदनी हे गाव फार सोयीचे आहे. पत्रिकेला लागतो कागद, आणि चांदनीच्या शेजारीच नेपानगर आहे. तिथली नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स ही कंपनी १९४७ साली स्थापन झाली. खासगी भांडवलाला ती पेलवेना, तेव्हा ती सरकारने हाती घेतली, आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी ही गिरणी राष्ट्राला अर्पण केली. वृत्तपत्राचा कागद काढणारी ही देशातली पहिली गिरणी. ऐंशीच्या दशकापर्यंत देशी वृत्तपत्री कागद म्हणजे नेपाचा कागद, असेच समीकरण होते. सातपुड्यातली सालई आणि बांबू यांचा लगदा करून हा कागद निघे. अग्रलेख, निविदा, राशिभविष्य आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या पानभर जाहिराती अशा सर्वांसाठी सालई सारख्याच निःपक्षपातीपणे पडली.

मात्र पत्रिकेला हा कागद चालत नाही. वृत्तपत्राचा कागद दर चौरस मीटरला पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम भरतो. त्यावर डिंक लावला की तो सुरकुततो आणि स्केचपेन टेकवला की वाघाचा पट्टा शेपटीपर्यंत पसरतो. शिवाय लाकडातले लिग्निन त्यात राहिलेले असते, म्हणून तो उन्हात पिवळा पडतो. पत्रिकेला लागते दोनशे ते तीनशे ग्रॅमची कार्डशीट. परिणामी, ज्या परिसराने देशाला कागद पुरवला, तिथले पालक मोबाइलवरून दुसऱ्या राज्यातला कागद मागवतात आणि तो कुठवर आला हे दर तासाने पाहतात. दिव्याखाली अंधार असतोच. इथे तो घरपोच मिळतो.

ए-४ आकाराचा कागद मधोमध कापून त्याचे दोन भाग दुमडले की दोन पत्रिका होतात. वीस पाहुण्यांना दहा कागद पुरावेत. पण कागद पंचवीस आणावे लागतात, कारण सुरुवातीचे सर्व सिंह झेंडूच्या फुलासारखे दिसतात.

यानंतर प्राण्यांची निवड येते, आणि इथे विषय गुंतागुंतीचा होतो. पत्रिकेवरचे जंगल ठरलेले असते: जिराफ, झेब्रा, सिंह, पाणघोडा, वर दोन नारळाची झाडे. हे जंगल पृथ्वीवर कुठेही नाही, तरी मोबाइलवर सर्वत्र आहे. चांदनीभोवतीच्या डोंगरांत बिबट्या, अस्वल, तरस, कोल्हा, वानर असे प्राणी आहेत, आणि जिल्ह्याच्या पूर्वेला देशातल्या पहिल्या व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, मेळघाट, आहे. यांतल्या कुणालाही पत्रिकेवर जागा मिळत नाही. तरसाला तर मुळीच नाही. त्याचा चेहरा वाढदिवसाचा नाही. रोही आणि रानडुक्कर हे दोघे आमंत्रणाची वाटच पाहत नाहीत. ते रात्री थेट मका, हरभरा आणि केळीच्या वावरात उतरतात, पोटभर जेवतात आणि अर्धे पीक तुडवून जातात. ज्या घराने रात्रभर सुतळी बॉम्ब लावून रोही हाकलले, त्याच घराने सकाळी त्याचे गोजिरवाणे चित्र काढावे, ही अपेक्षा रास्त नाही.

स्थानिक प्राणीच घ्यायचा, असा बाणा कुणी दाखवला, तर सीमावादाला तोंड फुटते. मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी बारशिंगा; महाराष्ट्राचा शेकरू. घर मराठी, रेशनकार्ड मध्य प्रदेशाचे, मावश्या महाराष्ट्रातल्या रावेर-सावद्याच्या. बारशिंगा काढला तर त्याची शिंगे पाकिटात बसत नाहीत, शेकरू काढला तर सगळे त्याला खार म्हणतात. अखेर दोन्ही राज्यांना मान्य असा हत्ती काढला जातो.

आफ्रिकेच्या प्राण्यांना आग्रहाने बोलावण्याची परंपरा मात्र या राज्यात निव्वळ घरगुती नाही. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले होते. त्यानंतर १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले. तो पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचा बाहत्तरावा वाढदिवस होता आणि पिंजऱ्याचे दार त्यांनीच उघडले. प्राण्यांच्या थीमचा वाढदिवस म्हणून अभ्यासकांनी हे उदाहरण सर्वांत वर ठेवावे. घरगुती पातळीवर त्याचे अनुकरण करणे परवडत नाही. तिथे पिवळ्या कागदावर काळे ठिपके देऊन भागवावे लागते, आणि मग तो बिबट्या वाटतो.

सिंहाचे आमंत्रण याच कुनोत अडकले. गीरचे काही सिंह तिथे हलवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये दिला आणि त्याला सहा महिन्यांची मुदत घातली. सिंह अद्याप आलेले नाहीत. नामिबियाहून पाहुणे आले, गुजरातहून नाही. लांबचे नातेवाईक आधी आणि जवळचे शेवटी, हा वाढदिवसांचा सर्वमान्य नियम आहे.

मुलाच्या दीर्घायुष्यासाठी घरात प्राण्यांचे चित्र असलेला कागद लावण्याची पद्धत मराठी घरांना नवी नाही. श्रावणात देवघराशेजारी लावतात तो जिवतीचा कागद याच प्रकारचा आहे. त्यावर नरसिंह असतो, कालियाच्या फण्यांवर उभा असलेला कृष्ण असतो, मुले खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका असतात आणि खाली हत्तीवर बुध व वाघावर बृहस्पती बसलेले असतात. सिंह, नाग, हत्ती, वाघ: पूर्ण थीम, तीही काही रुपयांत, छापील. श्रावणी शुक्रवारी त्याची पूजा होते, मुलांना ओवाळतात, पुरणाचा नैवेद्य असतो. या कागदाला पाहुणे लागत नाहीत आणि रिटर्न गिफ्टही लागत नाही. कदाचित म्हणूनच त्याला थीम म्हणत नाहीत. बऱ्हाणपुरात पशुपक्ष्यांची हौस दरबारीही होती: तापीच्या पलीकडे जैनाबादेत मुघलांनी आहुखाना, म्हणजे हरणांचे राखीव उपवन, ठेवला होता. त्यांच्या पत्रिका कोण कापून देई, हे तवारीखकारांनी नोंदवलेले नाही.

सजावटीचे साहित्य घेताना कायदाही पाहावा लागतो. एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर देशात १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. त्या यादीत फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, सजावटीचा थर्माकोल, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, काटे, चमचे, मिठाईच्या डब्यांवरची आणि निमंत्रणपत्रिकेभोवती गुंडाळायची पातळ फिल्म हे सारे आहे. यादी करणाऱ्याने नुकताच घरचा एखादा वाढदिवस उरकला असावा. चमकीचे नाव त्या यादीत नाही. युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक चमकीची विक्री ऑक्टोबर २०२३ मध्ये रोखायला घेतली. आपल्याकडे ती अजून सतरंजीवर, वरणात आणि वडिलांच्या ऑफिसच्या शर्टावर मुक्तपणे आढळते.

स्वस्त पर्याय जिल्ह्यात उभाच आहे. केळीच्या पानाचा जाड देठ आडवा कापला की चंद्रकोरीच्या आकारात पोकळ घरांची जाळी दिसते. तो रंगात बुडवून उमटवला की कासवाची पाठ तयार होते. भेंडीची फुले होतात, अर्ध्या बटाट्यावर कोरून हवा तो प्राणी. कार्यानुभवाच्या तासाला हे सगळ्यांनी केलेले असते. तरी वाढदिवसाला कुणी करत नाही. एक तर केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जन्मभर जात नाही. दुसरे, ज्या गावात केळीच्या गाड्या भरून निघतात, तिथे केळीच्या देठाची पत्रिका दिली तर लोक कंजूष म्हणतात. शंभर कोसांवरच्या शहरात तीच पत्रिका दिली तर पर्यावरणस्नेही म्हणतील.

मजकूर हा पत्रिकेचा सर्वांत छोटा आणि सर्वांत वादग्रस्त भाग. आजोबांना वर ॥ श्री ॥ हवा असतो. थीम बिघडेल, अशी शंका काढली जाते. पण गजमुख आणि मूषक मिळून दोन प्राणी एकाच चित्रात बसतात, हे लक्षात आल्यावर गणपती बिनविरोध मंजूर होतो. पुढे भाषेचा प्रश्न. घरात मराठी, शेजारी निमाडी आणि हिंदी, शाळेत इंग्रजी. त्यामुळे ‘वाइल्ड वन’ हे शीर्षक इंग्रजीत, ‘सहकुटुंब सहपरिवार’ मराठीत आणि पत्ता हिंदीत, असा त्रिभाषा सूत्राचा देशातला एकमेव यशस्वी प्रयोग दर पत्रिकेत होतो. लग्नपत्रिकेत मोठी माणसे मुलांच्या बोबड्या तोंडी काकाच्या लग्नाचे आमंत्रण घालतात. वाढदिवसाच्या पत्रिकेत तेच तोंड सिंहाला देतात. सिंहही बोबडेच बोलतो.

वेळ सायंकाळी सहाची लिहावी. पाहुणे साडेसातला येतात. साडेसात लिहिली तर नऊला येतात आणि उत्सवमूर्ती झोपलेली असते. ‘कृपया आहेर आणू नये’ हे वाक्य लिहिल्याने आहेर थांबत नाही, फक्त त्याचा आकार लहान होतो. येणार की नाही ते कळवावे, असेही काही जण लिहितात. त्याला उत्तर देणे मराठी माणूस उद्धटपणा समजतो. तो कळवत नाही, येतो. आणि येताना शेजारच्यांचा मुलगा घेऊन येतो.

वाटप हाताने करायचे असते. त्यासाठीच पत्रिका हाताने केलेली असते. पण शेवटची पत्रिका वाळते तेव्हा वाढदिवस परवावर आलेला असतो. मग त्यांतली बरी दिसणारी एक सतरंजीवर ठेवून तिचा फोटो काढतात, कोपऱ्यात पडलेली चमकी कापून टाकतात आणि फोटो व्हॉट्सॲपवर सगळ्यांना धाडून ‘हेच आमंत्रण समजावे’ असे खाली लिहितात. फोटोसाठी एकच पत्रिका लागते, हे ज्ञान त्याच रात्री होते आणि पुढच्या वर्षापर्यंत टिकत नाही. काही घरी दोन-चार पत्रिका प्रत्यक्ष पोचतात; तिथे त्या फ्रिजवर लागतात आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात.

या रद्दीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. नेपाची गिरणी नूतनीकरणासाठी २०१६ साली थांबली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये, वर्षाला एक लाख टन क्षमतेने, पुन्हा सुरू झाली. आता तिला सालई किंवा बांबू लागत नाही, रद्दी लागते. रद्दीचा पाण्यात लगदा करतात, साबणासारखी रसायने घालून आणि हवेचे बुडबुडे सोडून शाई वर काढतात, मग त्याचा नवा कागद होतो. शाई निघते. सालईच्या जंगलाला जिराफ-झेब्र्यांनी रद्दी होऊन दिलेली एवढीच भरपाई म्हणता येईल. पण डिंकाच्या गाठी, चमकी आणि प्लास्टिकचे हलणारे डोळे लगद्यात त्रास देतात. तेव्हा ज्यांच्याकडे अशा पत्रिका पोचल्या असतील त्यांना विनंती आहे, की रद्दीवाल्याला देण्याआधी सर्व प्राण्यांचे डोळे काढून घ्यावेत.